हक्कसोडावर कुणाची सही? ‘मुळशी पॅटर्न’, चाकणच्या गप्पा आणि संशोधनाचा प्रश्न

पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला वारंवार येतो. ‘मला सिनेमा खूप आवडतो. मित्रांबरोबर पिक्चर बघायचा आणि मग तासभर त्यावर भांडायचं, हे कायम चालू असतं. यातून संशोधनाचा विषय निघेल का?’ माझं उत्तर असं, की निघेल, पण तुमच्या मतातून निघणार नाही. तुमचं मत जिथे दुसऱ्याच्या मतावर आपटतं, तिथे विषय सापडायची शक्यता असते. हे नुसतं सांगून कळत नाही. म्हणून आज एका चित्रपटावर लिहितो, त्यावर झालेल्या गप्पांवर लिहितो, आणि त्या गप्पांमध्ये मी केलेल्या एका चुकीबद्दलही लिहितो.

चित्रपट आहे प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’. २३ नोव्हेंबर २०१८ ला तो आला. तेव्हा मी तो एकदा पाहिला होता. अलीकडे आमच्या कंपूने तो पुन्हा एकत्र बसून पाहिला. कंपू म्हणजे काही फिल्म सोसायटी नाही. चाकणमध्ये एका मित्राच्या घरी, कुणाची फर्स्ट शिफ्ट सुटलेली, कुणाला रात्री थर्डला जायचंय, अशा मधल्या वेळात आम्ही बसतो. पिक्चर संपला की चहा, आणि मग बोलणं. फिल्म सोसायट्यांमध्येही खेळानंतर चर्चेची पद्धत असतेच. मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून चालू आहे. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह यांच्यामुळे रसास्वाद शिबिरांची मोठी परंपरा आहे. पण त्या चर्चा आणि तळेगाव चौकापासून हाकेच्या अंतरावर होणाऱ्या चर्चा यांत एक फरक आहे. आमच्याकडे पडद्यावर जे घडतं, ते कुणाच्या तरी घरात घडून गेलेलं असतं.

आधी चित्रपटाबद्दल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगतो, शेवट सांगत नाही. पाटील घराण्यातला एक शेतकरी (मोहन जोशी) जमीन विकतो. आलेला पैसा टिकत नाही. ज्या जमिनीचा तो मालक होता, तिच्याच गेटवर त्याला वॉचमन म्हणून उभं राहावं लागतं. पुढे कुटुंब पुण्यात येतं आणि बापाच्या वाट्याला मार्केट यार्डातली हमाली येते. मुलगा राहुल (ओम भूतकर) हा अपमान बघत मोठा होतो आणि टोळीत शिरतो. समोर पोलीस इन्स्पेक्टर आहे (उपेंद्र लिमये), तोही याच मातीतला.

चित्रपटाची ताकद मला बापाच्या भागात दिसते. मोहन जोशी फार बोलत नाहीत. खांदे पडलेले, नजर खाली, आणि मुलासमोर उभं राहताना शरीर जरा बाजूला वळवलेलं. जमीन गेली म्हणजे नक्की काय गेलं, हे त्या उभं राहण्यात दिसतं. भाषाही खरी आहे. मुळशी-मावळ पट्ट्यातली बोली इथे विनोदासाठी वापरलेली नाही, त्या भाषेत माणसं रागावतात आणि घाबरतातही. मराठी चित्रपटात हे अजूनही सहज होत नाही.

कमजोरी मधल्या भागात आहे. राहुल टोळीत गेल्यावर कॅमेरा त्याच्या चालण्याच्या, गाडीच्या, दहशतीच्या प्रेमात पडतो. ‘अरारारा खतरनाक’ हे गाणं तर पिक्चरपेक्षा जास्त गाजलं, मिरवणुकांमध्ये वाजलं. चित्रपट एका हाताने सांगतो की पोरांनो, हा रस्ता मरणाकडे जातो, आणि दुसऱ्या हाताने तोच रस्ता सजवतो. याला ढोंग म्हणणं सोपं आहे. मला ते तसं वाटत नाही. लोकप्रिय चित्रपटाला त्याच पोराला थिएटरमध्ये आणायचं असतं, ज्याला सावध करायचंय. पण त्याची किंमत पडते. बापाची गोष्ट मागे जाते, आणि जमिनीचा प्रश्न हा गुन्हेगाराच्या गोष्टीचं ‘कारण’ एवढाच उरतो.

याचा पुरावा हवा असेल तर हिंदी ‘अंतिम’ (२०२१) बघा. मूळ चित्रपटात अभिनय केलेल्या महेश मांजरेकरांनी तो दिग्दर्शित केला. आयुष शर्मा राहुल झाला आणि पोलीस अधिकारी झाला सलमान खान. सांगाडा तोच आहे, पण वजन बदललं. आता पोलीस विरुद्ध गुंड ही मुख्य लढत आहे आणि जमीन ही पार्श्वभूमी. मला विचाराल तर हा बदल हिंदीत अचानक झाला नाही, त्याची सोय मूळ पटकथेतच होती. चित्रपट-अभ्यास करू पाहणाऱ्यांनी रिमेककडे असं बघायला शिकावं. एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते, तेव्हा काय ठेवलं आणि काय सोडलं याची यादी करायची. ‘मूळच भारी होता’ हे मत झालं. ‘मूळ चित्रपटात बापाला मिळालेला अवकाश रिमेकमध्ये पोलिसाकडे गेला’ हे निरीक्षण झालं. त्यावर वाद घालता येतो आणि ते चुकीचं ठरवता येतं. म्हणून ते उपयोगाचं.

आता गप्पा. त्या दिवशी तीन मतं पडली. ती मांडताना ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

पहिलं मत खेड तालुक्यातल्या एका मित्राचं. घरची काही जमीन एमआयडीसीत गेली, राहिलेल्यावर खोल्या काढल्यात, भाडं येतं. तो म्हणाला, “हा पिक्चर नाही, आमचा सातबारा आहे.” त्याला सगळं पटलं. बापानं चूक केली, पोरानं भोगली.

दुसरं मत मराठवाड्यातून आलेल्या मित्राचं. कंत्राटी ऑपरेटर आहे, कंपन्या बदलत आला, अशाच एका खोलीत भाड्याने राहतो. तो म्हणाला, “आमच्याकडं जमीन आहे, पण विकत घ्यायला कुणी येत नाही. यांचं दुःख बघून मला रडू येत नाही राव. यातल्या राहुलसारखाच एक जण दर महिन्याला माझ्याकडून भाडं घेतो.” थोडं हसणं झालं, थोडी शांतताही झाली, कारण पहिला मित्र समोरच बसला होता.

तिसरं मत कुणी मागितलंच नव्हतं. ज्याच्या घरी बसलो होतो त्याच्या आई, आमच्या काकू, चहाचे कप उचलायला आल्या होत्या. पिक्चर त्यांनी दारातून येता-जाता पाहिला होता. त्या म्हणाल्या, “त्या पिच्चरमधी जमीन इकली ती समद्यांना दिसली. इकायच्या आधी बहिणींच्या सह्या कवा घेतल्या, ते कुटं दावलंय?” आणि कप घेऊन आत गेल्या.

आम्ही विषय बदलला. मला ते वाक्य घरी गेल्यावर लागलं.

इथे जरा थांबा आणि तुम्ही काय केलं असतं बघा. संशोधनाची तयारी करणारा विद्यार्थी बहुतेक वेळा इथे सिद्धान्ताकडे पळतो. मीही पळालो. १९७३ साली स्टुअर्ट हॉल यांनी मांडलं होतं, की माध्यमातला मजकूर तयार करणारे एक अर्थ भरतात, पण बघणारे तोच अर्थ घेतील असं नाही. कुणी तो जसाच्या तसा स्वीकारतो, कुणी थोडा मान्य करून स्वतःच्या अनुभवाप्रमाणे वळवतो, कुणी उलटा वाचतो. झालं! पहिला मित्र म्हणजे स्वीकार, दुसरा म्हणजे विरोध, काकू म्हणजे मधलं काहीतरी. तीन मतं, तीन खण, स्लाइड तयार.

ही मांडणी नीटनेटकी दिसते आणि काहीच सांगत नाही. हॉल यांची कल्पना डेव्हिड मॉर्ली यांनी ब्रिटनमध्ये प्रत्यक्ष तपासली. ‘नेशनवाइड’ या टीव्ही कार्यक्रमाचे भाग त्यांनी २९ गटांना दाखवून चर्चा नोंदवल्या, आणि अभ्यास १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. गटांमध्ये बँकेचे मॅनेजर होते, कामगार संघटनेचे लोक होते, ॲप्रेंटिस मुलंही होती. गंमत अशी, की मॅनेजर आणि ॲप्रेंटिस यांची वर्गीय जागा अगदी वेगळी, तरी दोघांचं वाचन कार्यक्रमाने सुचवलेल्या अर्थाच्या जवळ गेलं. म्हणजे माणूस कुठल्या थरातला, यावरून तो पिक्चर कसा वाचेल हे सरळ सांगता येत नाही. खण आधी बनवून त्यात माणसं बसवायची नसतात. खणात न बसणारं माणूस कोण, ते शोधायचं असतं.

आमच्याकडे न बसणारं माणूस म्हणजे काकू. त्यांनी चित्रपटाचा अर्थ स्वीकारलाही नाही आणि उलटाही केला नाही. गोष्ट जिथे सुरू होते, त्याच्या आधीची जागा त्यांनी दाखवली. चित्रपटासाठी जमिनीचा मालक एक आहे, बाप. तो विकतो, तो चुकतो, तो झुरतो. पण बापाची वडिलोपार्जित जमीन त्याच्या एकट्याच्या नावावर येते कशी? आजोबा गेले की वारस नोंद होते, सातबाऱ्यावर भावाबहिणींची नावं चढतात. मग बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतलं जातं, ते दुय्यम निबंधकांकडे नोंदतात, फेरफार होतो आणि बहिणींची नावं कमी होतात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा दुरुस्त करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना जन्माने हक्क दिला, त्या वेळी लग्न झालेल्या मुली मात्र त्यात नव्हत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो हक्क देशभर आला, लग्नाची अट न ठेवता. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की त्यासाठी २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही. कायदा एका बाजूला सरकत गेला आणि जमिनीचा भाव चढत गेला. या दोन्हींच्या मध्ये हक्कसोडाची सही येते. राखी, माहेर, भाऊबीज, सगळं त्या सहीत येतं.

हा प्रश्न डोक्यात ठेवून मी चित्रपट पुन्हा पाहिला. बहिणीच्या सहीचा प्रसंग मला सापडला नाही. बाया आहेत, पण त्या भोगतात आणि रडतात. जमिनीच्या व्यवहारात त्या कुठे नाहीत. एकदा हे दिसलं की बाकीच्या गोष्टीही वेगळ्या दिसायला लागल्या.

पहिली गोष्ट ‘विकली’ हा शब्द. चित्रपटात बाप विकतो, म्हणून दोष त्याचा. पण पहिल्या मित्राची जमीन विकली गेली नव्हती, १९६१ च्या महाराष्ट्र औद्योगिक विकास कायद्याखाली संपादित झाली होती. नोटीस आली, मोबदला ठरला. पिंपरी-चिंचवडमध्ये १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आलं, तेव्हाही जमीन अशीच गेली आणि साडेबारा टक्के परताव्याचा वाद पुढच्या पिढीपर्यंत चालला. तिथे ‘बापानं विकायला नको होती’ हे वाक्य लागूच होत नाही. तरी मित्र म्हणतो की हा आमचा सातबारा आहे. का? स्वतःच्या घरात घडलेल्या सक्तीच्या गोष्टीला तो ‘चुकी’ची गोष्ट का लावून घेतो? मला वाटतं, चूक मान्य केली की निदान निर्णय आपला होता असं म्हणता येतं. हे माझं अनुमान आहे, निष्कर्ष नाही. पण प्रश्न म्हणून तो कसदार आहे.

दुसरी गोष्ट मुळशी. याच तालुक्यात १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, टाटांच्या वीजनिर्मितीच्या धरणाविरुद्ध. राजेंद्र व्होरा यांचा त्यावरचा अभ्यास वाचला तर एक गोष्ट लक्षात येते, की कागदोपत्री मालक आणि नांगर धरणारे मावळे एकच नव्हते. पुण्यातल्या सावकारांच्या नावावर बरीच जमीन होती, आणि मोबदला घेऊन मोकळं व्हायची तयारी तिथे जास्त होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही प्रश्न तोच होता, कागदावर नाव कुणाचं आणि जमीन गेल्यावर उघड्यावर कोण. काकूंचा प्रश्न त्याच घराण्यातला आहे.

तिसरी गोष्ट शीर्षक. ‘पॅटर्न’ हा शब्द दावा करतो, की असंच वारंवार घडतं. एका कुटुंबाच्या गोष्टीवरून पॅटर्न सिद्ध होत नाही. जमीन गेल्यावर कुणी खोल्या काढल्या, कुणी लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतलं, कुणी टेम्पो लावले, कुणी भंगाराचा ठेका धरला, कुणी काहीच न करता पैसा संपवला. चित्रपटाने यातला एक रस्ता निवडला. तो त्याचा अधिकार आहे. पण अभ्यासकाने त्याला नमुना समजायचं नाही. मराठवाड्यातल्या मित्राने चिडून नेमकं हेच सांगितलं होतं, फक्त आम्ही ते ‘जळतोय’ म्हणून सोडून दिलं.

आता माझी चूक.

काकूंचं वाक्य मला इतकं आवडलं, की पुढच्याच सेमिनारला मी ते स्लाइडवर टाकलं. नाव नव्हतं, पण गाव होतं, ‘एक गृहिणी’ असं होतं, आणि मुलगा अमुक ठिकाणी नोकरीला, एवढंही होतं. समोर त्याच भागातला एक जण बसला होता. त्याने दोन मिनिटांत ओळखलं. त्याला हेही माहीत होतं, की त्या घरात नणंदांच्या सह्यांवरून अजून बोलणं बंद आहे. गोष्ट फिरत घरी पोचली. मित्र चार महिने माझ्याशी नीट बोलला नाही, आणि त्याचं बरोबर होतं.

मी स्वतःला सांगत होतो, की गप्पाच तर होत्या, त्या काही मुलाखत म्हणून घेतल्या नव्हत्या. पण मुलाखत नव्हती म्हणूनच चूक जास्त मोठी होती. मुलाखतीत समोरच्याला निदान माहीत असतं की हे कुठेतरी जाणार आहे. काकू कप उचलायला आल्या होत्या. त्यांनी पिक्चरबद्दल मत दिलं असं मला वाटलं, प्रत्यक्षात त्या स्वतःच्या घराबद्दल बोलत होत्या. पिक्चरच्या आडून माणूस जे बोलतो ते कित्येकदा थेट विचारलं तर बोलणार नाही. त्यामुळेच हे बोलणं अभ्यासासाठी मोलाचं असतं, आणि त्यामुळेच ते न विचारता उचलायचं नसतं.

याच क्षेत्रातलं एक चांगलं उदाहरण सांगतो. इएन आंग या अभ्यासिकेला ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका नेदरलँड्समधल्या बायका का बघतात, हे समजून घ्यायचं होतं. तिने एका महिला मासिकात छोटी जाहिरात दिली, मला ही मालिका आवडते, तुम्हाला कशी वाटते ते कळवा. ४२ पत्रं आली आणि त्यांवर पुस्तक उभं राहिलं. संख्या छोटी आहे, पण रीत बघा. तिने आधी स्वतःची आवड उघड केली, मग मागितलं. लिहिणाऱ्यांना माहीत होतं की आपण कुणाला आणि कशासाठी लिहितोय.

मी शेवटी काकूंकडे गेलो. माफी मागितली. स्लाइड काढून टाकल्याचं सांगितलं, आणि हे इथे लिहायचं आहे, लिहू का, असं विचारलं. त्या आधी म्हणाल्या, “आता इचारतोय व्हय?” मग थोड्या वेळाने म्हणाल्या, “गाव लिहू नको. बाकी लिही. पोरांना कळू दे.” म्हणून गाव लिहिलेलं नाही आणि बाकी लिहिलंय. प्रबंधात मात्र ते वाक्य येणार नाही. हक्कसोडावर सही केलेल्या बायकांशी बोलायचं असेल तर रीतसर जाईन, संमतिपत्र घेऊन, त्यांना नको असेल तर परत येईन. ते काम अजून सुरू व्हायचंय. सहीशिवाय वाटा काढून घेण्यावर लिहायचं आणि तेच स्वतः दुसऱ्याच्या शब्दांचं करायचं, हे मला जमणार नाही.

तर तुमच्यासाठी, अगदी व्यवहाराचं. पुढचा पिक्चर कंपूबरोबर बघाल तेव्हा स्वतःचं मत बोलण्याआधी कागदावर लिहून ठेवा, नंतर ते दुसऱ्यांच्या मतात मिसळून जातं. चर्चा झाल्यावर सगळ्यात जास्त चिडवणारं मत कोणतं होतं ते लिहा आणि ते खरं असेल तर पिक्चरमध्ये काय दिसायला हवं ते शोधा. मग पुन्हा बघा. खोलीत कोण नव्हतं, किंवा होतं पण बसलेलं नव्हतं, तेही लिहा. आणि कुणाचं वाक्य वहीत उतरवण्याआधी त्या माणसाला विचारा. तो नाही म्हणाला तर प्रश्न तुमच्याकडे राहतोच. वाक्य त्याचं त्याच्याकडे राहू द्या.

‘मुळशी पॅटर्न’ बघा, असं मी अजूनही सांगेन. मोहन जोशींसाठी बघा, त्या भाषेसाठी बघा. आणि पाहून झाल्यावर घरात कुणाची आत्या असेल तर तिच्या शेजारी थोडा वेळ बसा. वही बाहेरच ठेवा.